एफ8 की डी8

रविवारी रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मावशी, मी पाठवलेला डाव बघितलास का? ग्रँडमास्टरला फिलिडोर येत नाही!" आवाजात राग होता आणि रागाखाली थोडं दुःखही.

फिलिडोर म्हणजे हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती या शेवटातला, प्रत्येकाला शिकवला जाणारा बचाव. भाचा तेरा वर्षांचा आहे. नाशिकच्या मुलांना ग्रँडमास्टर म्हणजे टीव्हीवरचं कुणीतरी लांबचं माणूस वाटत नाही. विदित गुजराथी याच गावात वाढला, 2013 साली ग्रँडमास्टर झाला, आणि 2023 मध्ये आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला गेला, तेव्हा इथल्या बुद्धिबळाच्या वर्गांत पेढे वाटले गेले. टोरांटोच्या त्या कँडिडेट्समध्ये विदितने अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवलं. ते दोन्ही डाव भाच्याला तोंडपाठ आहेत. ग्रँडमास्टरही चुकतो हे त्याला मान्य आहे, पण धड्याच्या पहिल्या पानावर? ते त्याच्या पचनी पडत नव्हतं.

डाव ऑनलाइन होता, तीन मिनिटांचा. प्रत्येक खेळीला वाढीव सेकंद नाहीत, म्हणजे 180 सेकंदांत अख्खा डाव उरकायचा. अशा झटपट डावांना ब्लिट्झ म्हणतात, आणि तीन मिनिटं म्हणजे त्यातलाही घाईचा प्रकार. पांढऱ्याकडून इंटरनॅशनल मास्टर, म्हणजे एक पायरी खालचा किताब, काळ्याकडून ग्रँडमास्टर. नावं इथे नकोत. काळा हरला. भाच्याने डाव पाठवला तो इंजिनाच्या, म्हणजे खेळ्या तपासणाऱ्या संगणकाच्या, लाल-पिवळ्या खुणांसकट, आणि काळ्याच्या 59व्या खेळीवर दोन प्रश्नचिन्हं होती, म्हणजे घोडचूक.

मी त्याला म्हटलं, "दोन दिवस दे. आधी इंजिन बंद करून बघते."

हे मी अण्णांकडून शिकले. माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण लाकडी पट अजून रोज पुसतात. त्यांचं म्हणणं असं की उत्तर आधी कळलं की डोळा आळशी होतो. तो कायदा मी ऑनलाइन डावांनाही लावते. डावाच्या खेळ्या नोंदलेली पीजीएन फाइल उतरवून घ्यायची, तिच्यातले इंजिनाचे शेरे पुसायचे, आणि प्रत्येक खेळीपाशी नोंदलेली घड्याळाची वेळ मात्र ठेवायची. ही वेळ बहुतेक लोक बघतच नाहीत. फाइलमध्ये ती महिरपी कंसात लपलेली असते. दर खेळीनंतर त्या खेळाडूकडे किती तास, मिनिटं, सेकंद उरले तेवढंच लिहिलेलं असतं. जलद डावाचं निम्मं विश्लेषण त्या कंसात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोमवारी ऑफिसमधून आल्यावर जेलरोडच्या घरी पट मांडला. थंडी चांगलीच होती. अण्णा शाल गुंडाळून समोर बसले. मी खेळ्या वाचायच्या, त्यांनी मोहरे हलवायचे.

सुरुवात इटालियन नावाची, नेहमीची. (घराचं नाव म्हणजे उभ्या पट्टीचं अक्षर, ए ते एच, आणि आडव्या रांगेचा आकडा, 1 ते 8.) घोडे, उंट सी4 आणि सी5 वर, मग सी3, डी3, दोघांचं कॅसलिंग, हत्ती ई पट्टीवर, एच3 आणि एच6. बारा खेळ्या झाल्या तेव्हा काळ्याने एकूण अकरा सेकंद खर्च केले होते. हे सगळं हाताला पाठ असतं. अण्णा म्हणाले, "अजून डाव सुरू व्हायचाय." बरोबर होतं.

डाव सुरू झाला तेराव्या खेळीला. बाराव्या खेळीत पांढऱ्याने उंट मागे सी2 वर नेला, काळ्याने डी5 टाकलं, आणि पांढऱ्याने ई4 च्या प्याद्याने ते खाल्लं. आता डी5 वरचं पांढरं प्यादं परत मारायला काळ्याकडे तीन मोहरे: एफ6 चा घोडा, ई6 चा उंट आणि डी8 चा वजीर. इथे काळ्याने 38 सेकंद घेतले. तीन मिनिटांच्या डावात एका खेळीला 38 सेकंद! 2:49 चे झाले 2:11.

मी फाइल मिटली आणि अण्णांना विचारलं, "तुम्ही कशाने मारलं असतं?"

पहिल्यांदा आम्ही घोड्याने मारून बघितलं. ई5 च्या काळ्या प्याद्यावर पांढऱ्याचे दोन मारे: एफ3 चा घोडा आणि ई1 चा हत्ती. काळ्याचा जोर मात्र एकच, सी6 च्या घोड्याचा, कारण ई8 च्या हत्तीची वाट ई6 च्या उंटाने अडवलेली. म्हणजे प्यादं फुकट जातंय असं दिसतं. अण्णांनी पांढऱ्याच्या बाजूने ते खाल्लंच: घोड्याने ई5, काळ्याने घोड्याने परत मारलं, पांढऱ्याने हत्तीने मारलं. "झालं की," ते म्हणाले. मग स्वतःच थांबले. पाचेक मिनिटं गेली असतील. बाहेर रेल्वेचा भोंगा वाजला तरी त्यांनी मान वर केली नाही. मग हळूच काळ्याचा, सी5 वरून मागे ए7 वर गेलेला उंट उचलून एफ2 चं प्यादं मारलं. शह! राजाने उंट खाल्ला की काळा वजीर एफ6 वर येतो. एफ पट्टी मोकळी असल्याने राजाला शह, आणि शेजारच्या तिरप्या घरात ई5 चा हत्ती. राजा वाचवायचा तर हत्ती जातो. हिशेब केला तर काळा हत्ती-घोडा कमावून उंट-घोडा देतो आणि प्यादी सारखीच राहतात. फायदा काळ्याचा.

अण्णांचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. मला खात्री आहे की काळ्याच्या 38 सेकंदांतला मोठा भाग इथेच गेला. हे दृश्य दिसल्यावर कोणताही खेळाडू त्यात रमतो. पण पांढरा खेळाडू कच्चा नव्हता. त्याने ई5 ला हातही लावला नसता, आणि मग डी5 चा घोडा काळ्याला तिथे टिकवायचा राहिला असता. वजिराने मारलं तर पांढरा उंट बी3 वर येऊन वजिराला हुसकावतो, आणि नंतर ई6 च्या उंटाशी अदलाबदल होते. तेही वाईट नाही. काळ्याने शेवटी उंटाने मारलं. उंट डी5 वर गेला की ई8 च्या हत्तीची वाट मोकळी होते आणि ई5 वर जोर दोन होतात. सगळं नीटनेटकं. पण याचाच अर्थ असा की पाच सेकंदांत दिसणारी साधी खेळी त्याने 38 सेकंदांनी खेळली.

इथे माझं आणि अण्णांचं वाजलं. मी म्हटलं, ब्लिट्झमध्ये तीन बऱ्या पर्यायांतून एक निवडायला एवढा वेळ घालवणं हीच डावातली पहिली चूक. अण्णा म्हणाले, "तिथे विचार करायचा नाही तर कुठे करायचा? डावाचा सांगाडा तिथेच ठरतो." दोन दिवस आम्ही यावर भांडत होतो, अजूनही एकमत नाही. मी माझ्या वहीत दोन्ही मतं लिहून ठेवली आहेत.

पुढच्या वीस-पंचवीस खेळ्यांवर फार बोलण्यासारखं नाही. अदलाबदल होत गेली. पांढऱ्याचं डी पट्टीवरचं प्यादं पुढे येऊन मारत मारत ई पट्टीवर गेलं. 24व्या खेळीला काळ्याने 22 सेकंद घेऊन एक प्यादं सोडलं आणि हत्ती पांढऱ्याच्या दुसऱ्या रांगेत घुसवला. मला ती खेळी आवडली, तिच्यात जीव आहे. त्या प्याद्याच्या बदल्यात त्याने पांढऱ्याची उरलेली प्यादी एकेक करून सफाईने संपवली. 40 खेळ्या झाल्या तेव्हा त्याच्याकडे 21 सेकंद होते, पांढऱ्याकडे 34.

मंगळवारी मी घड्याळाचा तक्ता केला. एका उभ्या ओळीत खेळी, दुसरीत पांढऱ्याने घेतलेला वेळ, तिसरीत काळ्याने घेतलेला. फाइलमध्ये उरलेली वेळ असते, म्हणून मागच्या नोंदीतून पुढची वजा करायची. एवढ्याने जो आलेख दिसला तो खेळ्यांपेक्षा बोलका होता. पांढऱ्याची सगळ्यात लांब खेळी 14 सेकंदांची, बाकी सगळ्या दोन-तीन सेकंदांच्या आसपास, एकसारखा पाऊस पडावा तशा. काळ्याकडे दोनच उंच मनोरे, 13व्या आणि 24व्या खेळीचे. त्या दोन खेळ्यांत 60 सेकंद. म्हणजे पूर्ण डावाच्या वेळेचा तिसरा हिस्सा दोन खेळ्यांवर! आणि शेवटच्या वीस खेळ्या खेळायला उरले पंधरा-वीस सेकंद.

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे.

पांढऱ्याची 58वी खेळी झाल्यावर पट असा होता. पांढऱ्याचा राजा डी5 वर, प्यादं ई5 वर, हत्ती ए7 वर. काळ्याचा राजा ई8 वर, हत्ती एच1 वर. खेळी काळ्याची, घड्याळात 5.8 सेकंद. पांढऱ्याकडे 11.

हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती हा शेवट बुद्धिबळ शिकवणारा प्रत्येक जण पहिल्या वर्षात शिकवतो. फ्रेंच खेळाडू फिलिडोरने 1777 मध्ये याचा बचाव मांडला. बचाव सोपा आहे. काळ्याने हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत, म्हणजे पटाच्या सहाव्या रांगेत आणायचा. मग पांढऱ्या राजाला पुढे शिरता येत नाही. हत्तीने त्या रांगेत नुसत्या येरझाऱ्या घालायच्या. कंटाळून पांढऱ्याने प्यादं ई6 वर ढकललं, की काळ्याने हत्ती लगेच लांब पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादं पुढे गेलेलं असल्याने पांढऱ्या राजाला त्या शहांपासून लपायला जागा उरत नाही. बरोबरी.

तेव्हा काळ्याने हत्ती एच6 वर आणायचा होता. एक खेळी, सरळ वर. त्याऐवजी 0.4 सेकंदांत त्याने हत्ती ई1 वर नेला, प्याद्याच्या मागे. पांढरा राजा ई6 वर आला. आता ए8 वर हत्ती आला की मात. काळ्याने 1.9 सेकंद घेऊन राजा डी8 वर नेला, आणि पुढच्या सात खेळ्यांत सगळं संपलं. त्याने राजीनामा दिला तेव्हा घड्याळात एका सेकंदाहून कमी वेळ होता.

मी सोमवारी रात्रीच भाच्याला लिहून टाकलं होतं: "हत्ती ई1 ही हरवणारी खेळी. तिसरी रांग सोडली, डाव सोडला." माझ्या मनात शंकाही नव्हती. मी हेच शिकत आले, हेच शिकवत आले.

बुधवारी मी टेबलबेस उघडला. हा इंजिनासारखा अंदाज बांधत नाही. सात मोहऱ्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती शेवटापासून उलट मोजून ठेवलेली असते, त्यामुळे उत्तर पक्कं असतं. आपल्या पटावर पाचच मोहरे होते. हत्ती ई1 ची स्थिती टाकली. उत्तर: बरोबरी.

मी आकडे पुन्हा तपासले. घरं चुकली नव्हती. काळ्याने तिसरी रांग सोडली तरी डाव हातात होता. खरी चूक पुढच्या खेळीत, राजाच्या दिशेत होती. एफ8 वर गेला असता तर बरोबरी, डी8 वर गेला म्हणून हार. म्हणजे इंजिनाची 59व्या खेळीवरची दोन प्रश्नचिन्हं योग्य जागी होती आणि माझा शेरा चुकीच्या जागी. मी त्याच रात्री भाच्याला फोन करून सांगितलं की मी चुकीचं लिहिलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे तुलाही फिलिडोर येत नाही?" मी म्हटलं, अर्धाच येत होता, आता पूर्ण शिकते.

ते शिकायला पुन्हा अण्णांच्या पटावर गेले. हा भाग सावकाश सांगते, कारण बहुतेक मुलांना तो कुणी सांगतच नाही.

प्यादं ई पट्टीवर आहे. त्याच्या एका बाजूला तीन पट्ट्या, एफ, जी, एच. दुसऱ्या बाजूला चार, ए ते डी. नियम असा की काळ्या राजाने छोट्या बाजूला जायचं, म्हणजे लांब बाजू हत्तीसाठी मोकळी राहते. बाजूने शह द्यायला हत्तीला अंतर लागतं. राजा जवळ असला की तो एक-दोन पावलांत हत्तीच्या अंगावर चालून येतो.

राजा एफ8 वर गेला तर पांढरा हत्ती ए8 वर शह देतो, राजा जी7 वर येतो, दुसरी जागाच नाही. पांढऱ्याला ई5 सोडता येत नाही कारण मागून ई1 चा हत्ती टपलेला. म्हणून तो ई8 वर हत्ती आणतो, प्याद्याला पुढून जोर देऊन राजा सोडवायला. त्या क्षणी ए पट्टी मोकळी झाली! काळा हत्ती ताबडतोब ए1 वर जातो आणि ए7, ए6 वरून आडवे शह सुरू करतो. पांढरा राजा डी7 वर, डी6 वर, कुठेही गेला तरी हत्ती लांब आहे. तो चालत सी7 पर्यंत आलाच, तर तेवढ्या वेळात काळा राजा एफ7 वर येऊन ई8 च्या हत्तीवर मारा करतो. सुंदर जुळणी आहे ही. मी ती तीनदा परत खेळले.

डी8 वर गेला तर हत्ती ए8 वर शह देतो, राजा सी7. मग पांढरा हत्ती ई8 वर येतो, आणि पुढे पांढऱ्या राजाची वाट एफ7 वरून मोकळी. काळ्या हत्तीला आता एच पट्टीवरून शह द्यावे लागतात, आणि एच ते एफ म्हणजे मध्ये एकच पट्टी. राजा लगेच अंगावर येतो. शह संपतात, प्यादं सुटतं.

मला एक गोष्ट मात्र कळत नव्हती. दोनच घरं होती, एफ8 आणि डी8. बाकी काहीही खेळला तरी हरणारच. असा माणूस, ज्याने हजारो शेवट खेळले असतील, तो चुकीच्या बाजूला का गेला? नुसतं "वेळ नव्हता" म्हणणं मला पुरेसं वाटेना. वेळ नसला की हात जातो तो सवयीच्या किंवा आकर्षणाच्या जागी. मग इथे आकर्षण कसलं?

ते अण्णांनी शोधलं. मी स्वयंपाकघरात होते, त्यांनी हाक मारली. "इकडे ये. तो हत्तीकडे पळाला." राजा डी8, हत्ती ए8 वर शह, राजा सी7. आता राजाची पुढची खेळी बी7 असेल, आणि त्याने पांढरा हत्ती मारात सापडेल. म्हणजे शह चुकवता चुकवता उलटा हत्तीवरच चालून जायची संधी दिसते. एफ8 वर गेला तर राजा कोपऱ्याकडे ढकलला जातो आणि हाताला काही लागत नाही. दोन सेकंदांत डी8 ची खेळी हुशार वाटते. एफ8 घाबरट वाटते. फक्त पांढरा हत्ती तिथे थांबत नाही, ई8 वर निघून जातो, आणि काळ्या राजाची पावलं वाया जातात.

हे त्या खेळाडूच्या डोक्यात होतं का, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मी स्वतः चार सेकंदांत ती स्थिती खेळले असते तर डी8 वरच गेले असते. अण्णाही म्हणाले, "मीपण."

यातून माझ्या शिकवण्यात एक नेमका फरक पडला. इंजिन हत्ती एच6 आणि हत्ती ई1 दोन्हींपुढे 0.00, म्हणजे बरोबरी, लिहितं. त्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. स्टॉकफिश या इंजिनाचा आकडा हल्ली प्याद्यांचा हिशेबही राहिलेला नाही. 15.1 या आवृत्तीपासून +1 चा अर्थ असा की तेवढ्याच ताकदीच्या इंजिनाविरुद्ध जिंकण्याची शक्यता निम्मी. ते आकडे इंजिनांच्या आपसातल्या खेळाचे आहेत. 5.8 सेकंद उरलेल्या माणसासाठी त्या दोन शून्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हत्ती एच6 वर असेल तर पुढची प्रत्येक खेळी हत्ती जी6, हत्ती एच6, हत्ती जी6. विचार नाही. आधीच खेळी देऊन ठेवता येते, ज्याला प्रीमूव्ह म्हणतात. काही संकेतस्थळांवर तिला 0.1 सेकंद लागतो, काहींवर शून्य. पाच सेकंदांत अशा कितीतरी खेळ्या होतात. हत्ती ई1 नंतर मात्र आधी राजाची एकमेव खेळी शोधायची, मग हत्ती ए1 वर नेण्याची वेळ ओळखायची. बरोबरी तीच, पण ती टिकवायला दोन ठिकाणी अचूक असावं लागतं. म्हणून मी आता वहीत प्रत्येक स्थितीपुढे इंजिनाच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहिते: इथून पुढे किती वेळा एकच वाट वाचवते.

त्या नजरेने 58व्या खेळीकडे पाहिलं तर भाचाही पूर्ण चुकला नव्हता आणि मीही नाही. हत्ती ई1 ने डाव हरला नाही, पण तिने दोन सेकंदांत उत्तर द्यायचा प्रश्न उभा केला. आणि तो दोन सेकंदांत का सोडवावा लागला, याचं उत्तर तक्त्यातल्या त्या दोन मनोऱ्यांत आहे.

पुढच्या रविवारी भाचा जेलरोडला आला. मिसळ खाऊन झाल्यावर मी त्याला दोन फोनवर तीच स्थिती लावून दिली, घड्याळ 15 सेकंदांचं. मी पांढरी. आधी दहा डाव हत्ती ई1 आणि राजा ई6 नंतरच्या स्थितीतून. एफ8 त्याला आता माहीत होतं, तरी दहातून पाचच टिकले. तीनदा त्याने हत्ती ए1 वर नेण्याऐवजी एच1 वरून शह द्यायला सुरुवात केली. एकदा शह न बघताच खेळायला गेला आणि वेळ संपला. एकदा बोट घसरलं. अण्णा बाजूला बसून प्रत्येक वेळी लाकडी पटावर बरोबर खेळी लावत होते. तो तिकडे बघतही नव्हता, पण ते लावत होते.

मग दहा डाव हत्ती एच6 पासून. हत्ती जी6, एच6, जी6. त्याचा अंगठा नुसता धावत होता आणि चेहरा शांत होता. सलग आठ टिकले. नवव्या डावात मी बराच वेळ राजा इकडेतिकडे हलवत राहिले. तो प्रीमूव्ह देतोय हे दिसत होतं. मग अचानक प्यादं ई6 वर ढकललं. त्याचा हत्ती आधीच दिलेल्या खेळीप्रमाणे एच6 वरून जी6 वर गेला, जिथे त्याला पहिल्या रांगेत पळायचं होतं. माझा राजा डी6 वर. त्याने हत्ती जी1 वर नेला. मी ए8 वर मात केली.

तो फोनकडे बघत राहिला. "प्यादं हललं की प्रीमूव्ह नाही द्यायची," तो स्वतःशीच म्हणाला.

"हत्ती सुटला की हात सोडायचा नाही," अण्णा म्हणाले.

"आजोबा, प्यादं हललं की." मग माझ्याकडे वळून, "परत लाव. दहावा राहिलाय."